कर्ज फेडल्याचा दंड

देवासच्या मराठी मंडळींत कुणी निवृत्त होवो, साठीला पोचो किंवा नुसता मोतीबिंदू काढून सुखरूप घरी येवो, त्याला शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिल्याशिवाय कुणालाच चैन पडत नाही. शाल बाजारात मिळते, नारळ देवीच्या टेकडीखाली मिळतो आणि मानपत्र श्रीपादराव पोतनीसांकडे मिळतं. श्रीपादरावांनी सदतीस वर्षं सरकारी शाळेत हिंदीतून भूगोल शिकवला. पण मानपत्र लिहायला बसले की त्यांच्या अंगात आजोबांच्या काळची मराठी संचारायची. आजोबा देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या दरबारात खजिन्यावर होते. खजिना गेला, भाषा उरली. त्या भाषेच्या जोरावर श्रीपादरावांनी आजवर दोनशे अकरा मानपत्रं लिहिली होती आणि त्यांत 'सौजन्यमूर्ती' हा शब्द दोनशे अकरा वेळा आला होता.

इतर गावांत माणूस घराचं कर्ज फेडतो, कागद ताब्यात घेतो आणि पेढे वाटतो. श्रीपादरावांनी कर्ज फेडलं आणि कर्ज देणाऱ्याचा सत्कार केला. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं, म्हणून ते नीट सांगायला हवं.

कर्ज 'क्षिप्रासुख होम फायनान्स' या कंपनीचं होतं. घर देवासात, पण कर्ज घेतलं तेव्हा श्रीपादरावांची बदली धारला होती, म्हणून फाइल धारच्या शाखेत. निवृत्तीनंतर पीएफचे पैसे हातात आले तेव्हा पंधरा लाख साठ हजार बाकी होते. श्रीपादराव इस्त्रीचा सदरा घालून देवासच्या शाखेत गेले. मॅनेजर पीयूष हा त्यांचाच जुना विद्यार्थी. तो केबिनमधून धावत येऊन पाया पडला.

"सर, अभिनंदन! बस, एक छोटासा फोरक्लोजर चार्ज आहे. दो परसेंट. त्यावर जीएसटी."

"तो कशाबद्दल?"

"मतलब सर, तुम्ही कर्ज मुदतीच्या आधी फेडून टाकताय ना, म्हणून."

"म्हणून बक्षीस?"

"नहीं सर. म्हणून दंड."

दंड झाला छत्तीस हजार आठशे सोळा रुपये. श्रीपादरावांच्या आतल्या खिशात त्या वेळी एक पाकीट होतं. त्यात बरोबर छत्तीस हजार होते आणि ते त्यांचे नव्हते. ते इरावतीबाईंचे होते.

इरावतीबाई म्हणजे श्रीपादरावांच्या सौभाग्यवती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी शाळेत संगीत शिकवलं ते शाळेच्या दमेकरी पेटीवर. आता घरी शिकवण्या घेत होत्या त्या उसन्या आणलेल्या पेटीवर, जिच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. त्यांच्या शिष्यांची अशी प्रामाणिक समजूत होती की कोमल निषाद हा मनातल्या मनात म्हणायचा स्वर आहे. शिकवणीचे पैसे साठवून बाईंनी स्वतःच्या पेटीसाठी छत्तीस हजार जमवले होते आणि श्रीपादरावांना बजावलं होतं, "कर्जाचं काम झालं की तसेच इंदूरला जा आणि कारागिराला पैसे देऊन या. मी आता मुक्या पेटीवर मरणार नाही."

माणसाने अशा वेळी घरी फोन करावा. पण समोर विद्यार्थी 'सर, सर' करत उभा, कागदावर 'नियमानुसार' असं छापलेलं, आणि पैसे कमी आहेत असं विद्यार्थ्यासमोर म्हणायचं म्हणजे पोतनीस घराण्याची अब्रू! श्रीपादरावांनी पाकीट काढलं, वर आठशे सोळा स्वतःच्या खिशातले घातले आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "पेटीची ऑर्डर दिली. पण वेळ लागेल. लाकूड वाळतंय."

बरं, इथे तरी थांबावं! पण नाही. त्याच आठवड्यात घरी कर्जमुक्तीचा सत्यनारायण झाला, सत्तर पानं उठली आणि पीयूषला शाल-श्रीफळासह मानपत्र देण्यात आलं. पैसे गेल्याचं दुःख श्रीपादरावांनी मानपत्रात असं काही बुडवलं की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. पीयूषचेही पाणावले. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. घरी आई मराठी बोलते म्हणून तो बोलायचा, वाचायची वेळ आली की हिंदी. त्याने मानपत्राला सोनेरी चौकट केली आणि शाखेत आपल्या खुर्चीमागे टांगलं.

महिनाभराने शेजारच्या उदाजीराव पवारांनी बॉम्ब टाकला. उदाजीराव नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं नोटांचा कागद हाताळल्यामुळे पैशाच्या कुठल्याही प्रश्नावर शेवटचा शब्द आपला असं ते धरून चालत. त्यांचे सल्ले ऐकून गल्लीत दोघांची मुदतठेव बुडाली होती. त्यामुळे या वेळी ते बरोबर असतील असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

"तुमचा रेट फ्लोटिंग होता की फिक्स्ड?" त्यांनी गच्चीवरून विचारलं.

"सारखा वाढायचा."

"मतलब फ्लोटिंग! अरे भिया, घराच्या फ्लोटिंग कर्जावर असा दंड घेताच येत नाही. रिझर्व बँकेचा साफ नियम है. तुम्हाला चूना लावला त्यांनी, आणि तुम्ही त्यालाच शाल पांघरली!"

श्रीपादरावांना पहिल्यांदा राग आला तो शालीचा. शाल साडेआठशेची होती.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर पंचवीस मिनिटं सनई ऐकत बसले. शेवटी एका गोड आवाजाच्या मुलीने त्यांचं सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यांचा परतफेडीचा इतिहास इतका उत्तम आहे की कंपनी त्यांना वीस लाखांचं नवं कर्ज द्यायला तयार आहे. ईमेल केला तर उलट उत्तर आलं की या पत्त्यावर उत्तर देऊ नये. मग ते पीयूषकडे गेले. त्याने पुन्हा पाया पडून चहा मागवला.

"सर, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी तर आजच परत देतो. पण रेट कुठला होता ते फाइलीत आहे, आणि फाइल धारला."

तर धार. आता धारला जायचं म्हणजे देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून पुढे धार, आणि बरोबर उदाजीराव. उदाजीराव पवार असल्यामुळे धार आणि देवास ही पवारांची दोन्ही संस्थानं आपल्या घरचीच आहेत असं त्यांच्या बोलण्यात नेहमी असायचं. वास्तविक त्यांचे आजोबा फरासखान्यात तंबू शिवायचे. पण बस धारच्या हद्दीत शिरली तशी त्यांनी मान ताठ केली आणि कंडक्टरकडे सुटे पैसे मागायचेही टाळले.

शाखेत मॅनेजर धवल जैन नव्हते. पौर्णिमा होती, ते मोहनखेड्याला दर्शनाला गेले होते. पुढच्या खेपेला तिथी बघून गेले, तर साहेब वसुलीसाठी गंधवानीला. तिसऱ्या खेपेला ते भेटले, आणि फाइलही भेटली. माणूस मोठा सज्जन. त्यांनी स्वतःच्या हाताने फाइलीवरची धूळ झटकली आणि अर्जाचं पहिलं पान उघडलं. 'व्याजदराचा प्रकार' या रकान्यावर श्रीपादरावांचा बारा वर्षांपूर्वीचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला होता.

"साब, जवाब तो आपके फोटो के नीचे है," धवलजी म्हणाले.

"मग काढा फोटो!"

"निकाल दूँ। पर फॉर्म फटा तो फॉर्म अमान्य। फॉर्म अमान्य, तो लोन भी अमान्य। फिर रिफंड किस बात का?"

श्रीपादराव आपल्याच तरुण चेहऱ्याकडे बघत राहिले. तो तर उत्तरावर बसून मजेत हसत होता. धवलजींनाच शेवटी दया आली. दर वाढला की कंपनी ग्राहकाला पत्र पाठवायची. तसली पत्रं असतील तर काम होईल, ती घेऊन तक्रार अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, असं त्यांनी सांगितलं आणि निरोप देताना बसस्टँडपर्यंत सोडायलाही आले.

पत्रं होती. चांगली सतरा होती. पण कुठे, हे श्रीपादरावांना बसमध्ये आठवलं. इरावतीबाई काटकसरी. पाठकोरा कागद त्या कधी फेकत नसत. गेली बारा वर्षं 'आपल्या कर्जाचा दर वाढवण्यात येत आहे' या पत्रांच्या मागे त्या बंदिशींचं नोटेशन लिहून ती वहीत लावून ठेवत होत्या. अर्धा टक्का वाढला त्याच्या मागे भूप, पाव टक्का वाढला त्याच्या मागे दुर्गा. म्हणजे पेटीचे पैसे परत आणायचे तर पेटीच्याच वहीत हात घालायला हवा, आणि ते बाईंना कळता कामा नये.

बाई भाजीला गेल्या की श्रीपादराव वही काढायचे, पत्रं सोडवायचे, उदाजीरावांच्या हाती झेरॉक्सला पाठवायचे आणि घाईघाईने परत लावायचे. घाईत क्रम चुकला. चार दिवसांनी शिकवणीत अकरा मुलांनी भूपाची स्थायी म्हणून दुर्गाच्या अंतऱ्यात उडी घेतली. बाईंनी वही पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं. श्रीपादराव पेपरात शिरले.

"अहो, लाकूड अजून वाळतंच आहे का?"

"यंदा हवा दमट आहे," श्रीपादराव म्हणाले. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं.

अखेर कंपनीचं पत्र आलं. भोपाळहून तक्रार अधिकारी मॅडम देवासच्या शाखेत येणार होत्या, मूळ कागद घेऊन हजर राहावं. त्या दिवशी श्रीपादराव सतराही पत्रं पिशवीत घालून, उदाजीरावांना साक्षीदार म्हणून घेऊन निघाले. मॅडम तरुण होत्या, चष्मा होता, आणि प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी वाचायची त्यांना खोड होती.

"ये पीछे क्या लिखा है? सा रे ग... कोई कोड है?"

"राग भूप है, मॅडम," उदाजीराव म्हणाले. "ओरिजिनल."

पुढची बाजू मात्र स्पष्ट होती. सतरा वेळा दर बदलला होता, म्हणजे तो फ्लोटिंग. श्रीपादरावांच्या डोळ्यांपुढे पेटी तरळू लागली. इतक्यात मॅडमची नजर पीयूषच्या खुर्चीमागे गेली.

"और ये क्या है?"

पीयूष अभिमानाने म्हणाला, "मॅडम, सर ने ही दिया है. लोन बंद होने पर. मराठी में है."

"पढ़िए।"

पीयूषने चौकट उतरवली, घसा साफ केला आणि "ऋ... ऋणा... ऋणाईत..." इथेच त्याचा श्वास संपला. "सर, तुम्हीच वाचा ना."

खरं म्हणजे श्रीपादरावांनी चष्मा विसरल्याचं सांगायला हवं होतं. पण स्वतःचं लिखाण, समोर नवा श्रोता, आणि वर वाचायची विनंती! त्यांचा आवाज आपोआप लागला. "हे ऋणाईतवत्सला, सौजन्यमूर्ते! आपण आकारलेले शुल्क हे शुल्क नव्हेच. तो तर आम्हांस लाभलेला कृपाप्रसाद. त्याची पै न् पै आम्ही स्वसंतोषे आपल्या चरणी वाहिली असून ती परत मागण्याचा विचार स्वप्नीही आमच्या मनास शिवणार नाही!" शेवटच्या वाक्याला त्यांनी हातही उंचावला. मग एकेका ओळीचा हिंदी अर्थ सांगता सांगता त्यांचा हात हळूहळू खाली आला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पोतनीस जी, आपने तो लिखकर दिया है कि पैसा ख़ुशी से दिया और वापस नहीं माँगेंगे। नियम तो आपके पक्ष में है, पर ऑडिटवाले ये काग़ज़ दिखाएँगे। या तो ये सच है, या आप लिखकर दीजिए कि मानपत्र में लिखी बातें सच नहीं होतीं।"

श्रीपादरावांनी चौकट टेबलावर ठेवली. मानपत्रात लिहिलेलं खरं नसतं असं लिहून द्यायचं? मग बाकीच्या दोनशे दहांचं काय? दोनशे दहा घरांत, दोनशे दहा भिंतींवर, दोनशे दहा सौजन्यमूर्ती टांगलेल्या होत्या. त्यांतली एक तर इथेच शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती.

"म्हणजे माझ्या मानपत्रात 'चलनतज्ज्ञ' लिहिलंय..." उदाजीराव बारीक आवाजात म्हणाले. "ते पण?"

आणि नेमक्या त्याच वेळी दार उघडून इरावतीबाई आत आल्या. हातात रिकामी वही होती.

"मी इंदूरच्या कारागिराला फोन केला," त्या म्हणाल्या. "विचारलं, लाकूड किती वाळलं? तो म्हणाला, कौन सी लकड़ी, बाई? मग शेजारच्या अक्कांना विचारलं, दोघं कुठे गेलेत. माझा भूप कुठे आहे?"

यापुढे लपवाछपवीत काही अर्थ नव्हता. श्रीपादरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाकीट, दंड, लाकूड, वही, काहीही वगळलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. बाईंनी ऐकून घेतलं, पत्रं गोळा केली, मोजली आणि मग मॅडमकडे वळल्या.

"मॅडम, इनका लिखा सबूत मत मानिए. हमारी शादी को पच्चीस साल हुए तब इन्होंने मुझे भी मानपत्र दिया था. भरे हॉल में पढ़ा. उसमें लिखा है, मृदुभाषिणी और पाकनिपुणा."

"मतलब?"

"मतलब मीठा बोलने वाली और बढ़िया खाना बनाने वाली. पूछिए इनसे, सच है?"

मॅडमनी पेन उचललं. "पोतनीस जी, सच है?"

हा प्रश्न जगातल्या कुठल्याही नवऱ्याला कुठल्याही कचेरीत विचारला जाऊ नये. खरं आहे म्हणावं तर पेटी गेली, खोटं आहे म्हणावं तर संसार. पीयूषने नजर खाली घातली. उदाजीराव खुर्ची सरकवून दाराजवळ गेले. श्रीपादरावांनी बायकोकडे केविलवाण्या नजरेने पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. "खरं सांगा. माझ्या पेटीचा प्रश्न आहे."

"नहीं," श्रीपादराव म्हणाले. मग धीर करून पुढे म्हणाले, "वरण रोज लागतं. करपतं."

"आणि बोलणं?"

"ते... आता ऐकलंतच सगळ्यांनी."

मॅडमनी हसू दाबत कागद पुढे केला. श्रीपादरावांनी आपल्या सुंदर वळणदार अक्षरात लिहून दिलं की मी आजवर लिहिलेल्या मानपत्रांतील मजकूर हा वस्तुस्थितीस धरून नाही, आणि खाली सही केली. सही करताना दरबारी खजिन्यावरचे आजोबा डोळ्यांपुढे येऊन गेले. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत, असा शेरा मारून मॅडम भोपाळच्या गाडीला निघाल्या. पीयूषने सरांच्या पाया पडून विचारलं, फ्रेम तशीच ठेवू का? दिसते छान.

देवासात बातमी पोचायला वर्तमानपत्र लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून श्रीपादरावांच्या दारात सौजन्यमूर्तींची रांग लागली. निवृत्त डॉक्टर दत्ताजींना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की 'धन्वंतरी' खोटं की 'निःस्पृह' खोटं. उदाजीराव तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी गच्चीवरून म्हणाले, "पण रिझर्व बँकेचं मी खरं सांगितलं होतं ना?" श्रीपादरावांनी मान्य केलं. त्यावर उदाजीराव एवढे खूश झाले की त्यांनी 'चलनतज्ज्ञ'वाली फ्रेम पुन्हा भिंतीला लावली. मात्र पुढच्या सत्काराला मराठी मंडळींनी नुसती शाल आणि नारळ दिला, आणि मानपत्राची वेळ आली तेव्हा कुणीतरी पेढे फिरवले. श्रीपादराव मागच्या रांगेत पेढा हातात धरून बसले होते. वाईट वाटायचं ते वाटलंच.

पैसे चौदाव्या दिवशी जमा झाले. या खेपेला बाई स्वतः इंदूरला गेल्या आणि लाकूड वाळलेली, मजबूत, सगळ्या पट्ट्या बोलणारी पेटी रिक्षातून मांडीवर घेऊन आल्या. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्यांनी ती उघडली. भाता हलला, खोलीभर सूर पसरला आणि त्या भूप वाजवू लागल्या. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या पेटीवर अडखळलेली बोटं आता मोकळी धावत होती.

वाजवून झाल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "कसं वाजलं?"

एरवी या प्रश्नाला श्रीपादराव पेपरातून डोकं न काढता 'साक्षात सरस्वती!' म्हणत. आताही ते जिभेवर आलं होतं. पण सही करून बसलेला माणूस; त्याने ते गिळलं. जरा विचार केला.

"चांगलं वाजलं," ते चाचरत म्हणाले. "दुसऱ्या आवर्तनात धैवतावर बोट घसरलं. एकदाच."

आता वरणाचा आणि बोलण्याचा एकदमच हिशोब होणार, म्हणून श्रीपादरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. इरावतीबाई सावकाश मागे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ऐकत होतात!"